गठ्ठा तपासणार कोण?

१९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. कामाचे तास, भरपगारी रजा, पाळणाघर असं बरंच काही त्यात होतं. केरळात मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांच्या डाव्या सरकारने तो लागू करायचं ठरवलं, तेव्हा ‘मंगळूर गणेश विडी’ या कंपनीने १९६८च्या ऑक्टोबरात तिथलं काम गुंडाळलं. कण्णूर परिसरात सुमारे १२ हजार माणसांचा रोजगार गेला.

पुढच्याच फेब्रुवारीत ‘केरळ दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. सरकारने भांडवलासाठी मदत केली; सभासद मात्र विड्या वळणारेच. गावोगावी प्राथमिक सोसायट्या, त्यांची संचालक मंडळं कामगारांच्या मतांनी निवडलेली, आणि पानं-तंबाखूची खरेदी व विक्री सांभाळणारी एक मध्यवर्ती संस्था. ऐंशीच्या दशकात कामगारसंख्या ४० हजारांच्या पुढे गेली.

समाजवाद म्हणजे कारखाना सरकारच्या ताब्यात, एवढंच अनेकांच्या मनात असतं. दिनेशमध्ये प्रश्न त्याहून जवळचा होता: वळलेल्या विड्यांचा गठ्ठा तपासणार कोण? कंत्राटी पद्धतीत ठेकेदाराचा माणूस वाटेल तितक्या विड्या खराब ठरवी आणि त्यांची मजुरी बुडे. दिनेशमध्येही तपासणी होती, मुकादमही होता, पण त्याच्यावरचं मंडळ कामगारांनीच निवडलेलं. मनमानी झाली तर दाद मागायला जागा होती. लोकशाहीचा खरा कस इथे लागतो, भागधारकांच्या यादीत नाही.

कण्णूरच्या विडीशाळांत आणखी एक जुनी रीत होती. एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची, बाकीचे हात न थांबवता ऐकत, आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या आपापसांत वळून देत. अशी माणसं सभेत गप्प बसतील कशी?

सोलापुरातही २०२५पर्यंत हाच कायदा लागू होता, पण तिथे हजारो बाया घरच्या घरी विड्या वळतात. एका छपराखाली न बसणाऱ्यांना एकमेकींची मजुरी ताडून पाहणंही अवघड जातं, मग कारभार हाती घेणं दूरच.

धंदा तंबाखूचा, आणि तंबाखू जीव घेते. कारभार कितीही लोकशाहीचा असला तरी हे बदलत नाही. १९९९ साली केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. तोवर विडीचा खप घसरणीला लागलाच होता. खप घसरू लागल्यावर दिनेशने खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं. विडीइतके हात त्यांत सामावणं शक्य नव्हतं. तरी कोणता धंदा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवताना कामगारांचं मत मोजलं जात होतं. १९६८ साली गणेश विडीने काम बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.