लोखंडाला पाणी देताना

भंगारवाल्याकडे ट्रकच्या कमानीचे जुने पाटे किलोवर मिळतात. गंजलेले, तेलकट, वाकडे. पण ज्याला सुऱ्या बनवायचा नाद लागलाय, तो त्या ढिगापुढे बराच वेळ उकिडवा बसतो. खड्ड्यांतून टनावारी माल वाहताना दबून पुन्हा उसळी घेणारं पोलाद असतं ते. लालभडक तापवलं की हातोड्याखाली वळतं, नीट थंड केलं की कडक होतं. अडचण एकच. वर्षानुवर्षं दाब खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात आणि त्या सगळी मेहनत झाल्यावरच कळतात. म्हणून जाणकार मंडळी कमानीच्या वर्कशॉपमध्ये नव्या पाट्याचा उरलेला तुकडा मिळतोय का, ते आधी विचारतात.

शहरातल्या मुलांपर्यंत हा छंद स्क्रीनवरून आला. यूट्यूब आहेच, शिवाय २०१५ साली अमेरिकेत सुरू झालेला ‘फोर्ज्ड इन फायर’ हा शो. स्पर्धक, पळणारं घड्याळ, उडणाऱ्या ठिणग्या. ते बघून वाटतं की सुरी म्हणजे घणाचे घाव. पण ठोकणं हा त्यातला सगळ्यात देखणा भाग आहे, सगळ्यात महत्त्वाचा नाही. न ठोकताही सुरी होते. पाटा एकदा लाल करून राखेत पुरायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. तो मऊ पडतो. मग मार्करने आकार काढायचा, हॅक्सॉने कापायचा आणि कानस घेऊन धारेकडचा उतार काढत बसायचं. गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात, एका घट्ट व्हाइसवर हे सगळं जमतं. दोन-तीन वीकेंड सहज जातात, मनगटं भरून येतात आणि शेजारचे काका ‘काय चाललंय रे?’ म्हणून दोनदा येऊन जातात.

भट्टीसाठी फार खर्च लागत नाही. जुन्या ब्रेक ड्रमला आतून माती लिंपायची, खालून लोखंडी पाइप, त्याला हेअर ड्रायर आणि वर लोणारी कोळसा. पाइप मात्र गॅल्वनाइज्ड नको. त्यावरचं जस्त तापलं की त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. कोळसा बंद खोलीत पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. सुती कपडे, बंद बूट, गॉगल. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्यांचे व्हिडिओ बघा हवे तर, पण त्यांची नक्कल नको. ऐरण म्हणून अनेक जण रुळाचा तुकडा शोधतात. तो कुठून आला हे विचारा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ‘भंगारात मिळाला’ एवढं उत्तर पुरत नाही. भंगारातला पोलादाचा जाड ठोकळाही ऐरणीचं काम करतो.

आता खरी गोष्ट. कानस मारून झालेलं पातं दिसतं सुरीसारखं, पण असतं नुसतं सुरीच्या आकाराचं लोखंड. टोमॅटो कापेल, चार दिवसांत बोथट होईल. त्याची सुरी होते ती भट्टी आणि तेलाच्या डब्यामधल्या काही सेकंदांत. पातं तापवत न्यायचं आणि मधूनमधून चुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला ओळख दाखवणं बंद करतं. त्याच्या थोडं वर नेऊन, पातं सगळीकडे एकसारखं लाल झालं की सरळ तेलात. इथे घाई नडते, उशीरही नडतो. तेलात पातं केळ्यासारखं वाकू शकतं. आणि कधी ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो. तो ऐकला की या छंदातल्या कुणाचाही चेहरा पडतो, कारण ती भेग असते.

सगळं नीट पार पडलं तरी काम संपलेलं नसतं. तेलातून निघालेलं पातं इतकं कडक असतं की कानस त्यावरून घसरते आणि फरशीवर पडलं तर त्याचे तुकडे होतात. मग ते घासूनपुसून ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोन तास ठेवायचं, गार करायचं, पुन्हा दोन तास. थोडा कडकपणा जातो, त्या बदल्यात चिवटपणा येतो. केकच्या ओव्हनमध्ये हे करायला आईची परवानगी मिळवणं ही वेगळी प्रक्रिया आहे. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ची परीक्षा याच देवाणघेवाणीची आहे. एकाच पात्याने लोंबकळता इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, लाकडाच्या फळ्या तोडायच्या, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी ते पातं ९० अंशांत वाकवतात. मोडलं तर नापास.

मराठीत या कामाला ‘पाणी देणं’ म्हणतात. घरगुती वर्कशॉपवाले तेल वापरतात, कारण पाणी फार झपाट्याने उष्णता ओढतं आणि पाट्यासारखं पोलाद तडकू शकतं. पण शब्द पाण्याचाच राहिलाय आणि ज्यांचा तो शब्द आहे ती माणसं गावाच्या फाट्यावर, झाडाखाली बसलेली आहेत.

घिसाडी कुटुंबाचं काम कधी थांबून बघितलंय? समोर जमिनीतली भट्टी, हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीत लोखंड धरून फिरवतो आणि बाई उभी राहून घण घालते. छिन्नीला पाणी देताना चुंबक नसतो, ओव्हन नसतो. नुसतं टोक पाण्यात बुडवून बाहेर काढतात. मागच्या भागातली उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते आणि घासून चकचकीत केलेल्या धातूवर रंग धावतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाशी पोचला की पुन्हा पाण्यात. आपण ज्याला दोन वेळा दोन तास म्हणतो, ते इथे काही क्षणांत, डोळ्यांच्या भरवशावर होतं.

हे ज्ञान नवं नाही आणि अडाणीही नाही. दक्षिण भारतातल्या उक्कू पोलादाचं, इंग्रजीत वूट्झचं, कुतूहल लंडनच्या प्रयोगशाळांना होतं. मायकेल फॅरडेने १८१९ साली त्याचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. विजेसाठी ओळखला जाणारा तोच फॅरडे, आणि त्याचे वडील लोहार होते! आज ऑनलाइन ‘डमॅस्कस’ म्हणून नागमोडी रेघांच्या सुऱ्या विकतात. त्या बहुतेक दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडून केलेल्या असतात. उक्कू ही वेगळीच चीज होती.

मला खटकतं ते हे की गच्चीवर ऐरण मांडणारा मुलगा ‘मेकर’ ठरतो आणि पिढ्यान् पिढ्या तेच करणारं कुटुंब भटक्या जमातींच्या यादीतली एक नोंद. आपल्यासाठी तो छंद आहे कारण आपल्याला तो सोडता येतो. त्यांच्या मुलांना सोडावा लागतो, कारण बाजारात कारखान्याचा विळा स्वस्त मिळतो.

घरच्यांची काळजी वेगळी असते. कोयत्याच्या बातम्या रोज येत असताना पोरगा पातं घासत बसलाय म्हटल्यावर ती रास्तच आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा शस्त्रांत समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. भाजीची सुरी करा, खुरपं करा. तलवारीच्या नादाला लागू नका. आणि पातं हातात नाचवत रील तर मुळीच नको. शहरांत वेळोवेळी जमावबंदीबरोबर हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात आणि पोलिसांना तुमचा छंद लांबून ओळखू येत नाही.

जवळपास लोहार बसत असतील तर जाच. फक्त मे अखेरीस नको. मृगाच्या आधी कुऱ्हाडी, खुरपी, फाळ शेवटून घ्यायला शेतकऱ्यांची रांग असते, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो. इतर दिवसांत जा, एक खुरपं करून मागा, सांगतील ते पैसे घासाघीस न करता द्या. ‘मामा, पाणी देताना बघू का?’ असं विचारा. भट्टीतला जाळ बघत बसू नका. पाण्यातून बाहेर आलेल्या पात्याची घासलेली जागा बघा, रंग तिथे धावतो.