परदेशी नेमणूक आणि स्वदेशी अडसर

परदेशांतील कारभाराच्या वरिष्ठ जागांवर स्त्रिया इतक्या विरळ का, असे विचारले असता दोन उत्तरे हटकून मिळतात: घरसंसार सोडून दूरदेशी जाण्याची स्त्रियांनाच इच्छा नसते, आणि गेल्या तरी पूर्वेकडील रूढिप्रिय समाजांतले पुरुष त्यांच्याशी व्यवहार करण्यास राजी होत नाहीत. ही उत्तरे इतकी रुळली आहेत की त्यांचा पुरावा मागण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. नॅन्सी ॲडलर या विदुषीने १९८०नंतरच्या दशकात तो मागितला.

अमेरिका व कॅनडा येथील ६८६ कंपन्यांनी परदेशी धाडलेल्या १३,३३८ व्यवस्थापकांत स्त्रिया अवघ्या ४०२, म्हणजे शेकडा ३, भरल्या. तथापि, व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेणाऱ्या हजारावर तरुण-तरुणींना विचारले, तेव्हा परदेशगमनाची आकांक्षा दोघांत सारखीच आढळली. आशियात काम केलेल्या ५२ स्त्रियांपैकी शेकडा ९७ जणींनी आपली कामगिरी यशस्वी झाल्याचे सांगितले. हा निवाडा त्यांचा स्वतःचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु यजमान देशांत त्यांना आधी परदेशी आणि मग स्त्री मानले गेले, सबब स्थानिक स्त्रियांवरची बंधने त्यांना फारशी लागू झाली नाहीत, हा त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. खरी खटपट करावी लागली ती स्वतःच्याच कंपनीचे मन वळविण्यासाठी.

आपल्याकडे, सरकारच्या परराष्ट्र सेवेत, तर घरचाच हा अडसर लेखी होता. विजयालक्ष्मी पंडित १९४७ सालीच मॉस्कोत राजदूत झाल्या, मग प्रतिबंध कसला, असे विचारणारे हे विसरतात की ती नेमणूक राजकीय होती, सेवेच्या पायऱ्या चढून मिळालेली नव्हती. त्या पायऱ्या चढणाऱ्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या, तेव्हा विवाह केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. १९६१च्या नियमांनीही स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी असे फर्माविले आणि संसारामुळे कामात व्यत्यय येईल असे सरकारला वाटल्यास तिचा राजीनामा मागण्याची मुभा ठेवली. पुरुषांच्या संसाराची अशी चिंता त्या नियमांनी वाहिली नाही. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दावा चालू असतानाच त्यांना बढती देऊन हेग येथे राजदूत म्हणून पाठविण्यात आले, त्यामुळे १९७९ साली अर्ज निकाली निघाला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांतील भेदभावावर कठोर ताशेरे ओढले आणि सेवेचे सर्व नियम विनाविलंब तपासून तो काढून टाकण्यास सरकारला बजावले. चोकिला अय्यर यांच्या रूपाने परराष्ट्र सचिवाच्या पदावर पहिली स्त्री आली ती त्यानंतर २२ वर्षांनी, २००१ साली.