लॅपटॉपची गवसणी घरच्या घरी
जुनी जीन्स, योगाची चटई आणि एका दुपारचे शिवणकाम

सायंकाळच्या गर्दीत दादर स्थानकावर लोकलमध्ये शिरणाऱ्या नोकरदाराकडे पाहावे. पाठीवरची पिशवी त्याने पोटाशी धरलेली असते. तिच्यात रिकामा डबा असतो, पाण्याची बाटली असते, छत्री असते, चार्जरचा ठोकळा असतो आणि या सर्वांना खेटून लॅपटॉप असतो. गाडी सुटताच चारी बाजूंनी रेटा येतो, तेव्हा चार्जरचा कोपरा थेट पडद्याच्या झाकणावर रुततो. घरी पोहोचल्यावर ती पिशवी सुटकेच्या नि:श्वासासह फरशीवर टेकवली जाते आणि लॅपटॉपचा खालचा कोपरा आणखी एक धक्का सोसतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर लॅपटॉपची घर ते कार्यालय अशी ये-जा अनेकांच्या नित्याची झाली. तंबोरा बाहेर काढायचा तर त्याला गवसणी हवी, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. तेवढ्याच नाजूक असलेल्या या यंत्राला मात्र आपण तसेच पिशवीत सारतो. बाजारात तयार आवरणे मिळतात. परंतु त्यांतील पुष्कळशी केवळ ओरखडे वाचवणारी असतात. ज्या कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक मार बसतो, तिथेच त्यांचे अस्तर संपते आणि शिवण सुरू होते. लॅपटॉपच्या नेमक्या मापाची, कोपऱ्यांची काळजी घेणारी गवसणी घरच्या शिलाई यंत्रावर एका दुपारात शिवता येते. ती का आणि कशी, हे या लेखात पाहू.

धक्का आणि जाडी

आवरण लॅपटॉपला वाचवते म्हणजे नेमके काय करते? ते लॅपटॉपला थांबायला थोडे अधिक अंतर देते. वस्तू जितक्या उंचीवरून पडते आणि जितक्या अंतरात थांबते, त्या दोहोंच्या गुणोत्तरावर धक्क्याची तीव्रता ठरते. पिशवी खाली ठेवताना शेवटचे १५ सें.मी. हातातून निसटले, असे समजा. आत काहीच मऊ नसेल आणि लॅपटॉप जेमतेम १ मि.मी. अंतरात थांबला, तर त्याला बसणारा सरासरी दणका त्याच्या वजनाच्या सुमारे दीडशे पट असतो. ६ मि.मी. जाडीचा फोम असेल आणि तो निम्मा, म्हणजे ३ मि.मी. दबला, तर हाच दणका पन्नास पटींवर येतो. फोम दुहेरी केला, तर पंचवीस पटींवर. तळाला दुहेरी फोम का घालायचा, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हाच हिशेब आवरणाची मर्यादाही सांगतो. ७५ सें.मी. उंचीच्या टेबलावरून लॅपटॉप पडला, तर ३ मि.मी. दबणाऱ्या फोममध्येही दणका वजनाच्या अडीचशे पट राहतो. तेव्हा कोणतीही पातळ गवसणी टेबलावरच्या पतनातून हमखास तारून नेईल, असे मानू नये. तिचे खरे काम रोजच्या लहानसहान आघातांचे आहे. आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यांना व बिजागरीला बहुधा हेच आघात जायबंदी करतात.

आधी माप

लॅपटॉप ‘१५.६ इंची’ आहे म्हणजे त्याच्या पडद्याचा कर्ण तेवढा आहे. त्यावरून यंत्राची लांबी-रुंदी कळत नाही, कारण पडद्याभोवतीची चौकट प्रत्येक कंपनीची वेगळी असते. म्हणून लॅपटॉप मिटून मोजपट्टीने त्याची लांबी, रुंदी आणि जाडी स्वतः मोजावी. खाली रबरी पाय असतील, तर जाडीत तेही धरावेत. या लेखात ३६ सें.मी. लांब, २४ सें.मी. रुंद आणि २ सें.मी. जाड लॅपटॉप धरला आहे. ज्यांचे माप वेगळे असेल, त्यांनी पुढील सूत्रे वापरावीत.

अस्तराचा तुकडा : लॅपटॉपच्या लांबीत जाडी, सैलपणासाठी १ सें.मी. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी ३ सें.मी. माया मिळवावी. रुंदीतही तसेच करावे. आपल्या उदाहरणात हा तुकडा ४२ × ३० सें.मी. होतो. असे दोन.

बाहेरचे कापड : अस्तर आणि बाहेरचे कापड यांच्यामध्ये फोम बसायचा असल्याने अस्तरापेक्षा लांबीत ३ आणि रुंदीत २ सें.मी. अधिक, म्हणजे ४५ × ३२ सें.मी. असेही दोन.

फोमचे फलक : लॅपटॉपच्या लांबी-रुंदीपेक्षा २-२ सें.मी. अधिक; म्हणजे ३८ × २६ सें.मी. हेही दोन. यांना शिवणीची माया नको.

फोमची पट्टी : लॅपटॉपच्या जाडीपेक्षा २ मि.मी. अधिक रुंद, म्हणजे २.२ सें.मी. एक पट्टी ८८ सें.मी. लांब आणि तळासाठी दुसरी ३६ सें.मी. लांब.

झाकण : बाहेरच्या कापडाचा आणि अस्तराचा प्रत्येकी एक तुकडा, ४३ × १८ सें.मी. त्यात घालायचा फोम ३९ × १३ सें.मी.

सैलपणाचा १ सें.मी. अनेकांना अनावश्यक वाटेल. परंतु तो वगळू नये. अतिघट्ट आवरण झाकणावर सतत दाब देते आणि लॅपटॉप काढता-घालता कडा ओढल्या जातात. उलट आवरण फार सैल असेल, तर लॅपटॉप आतल्या आत आपटत राहतो आणि फोमचा उपयोग उणावतो.

साहित्याची निवड

बाहेरच्या बाजूसाठी जुनी जीन्स उत्तम. एका पायाची उसवलेली रुंदी बहुधा पुरत नाही. तेव्हा दोन पायांचे तुकडे जोडून घ्यावेत आणि जोड फलकाच्या मध्यभागी येऊ द्यावा, कडेला नको. जीन्सचे धातूचे रिव्हेट आणि बटणे आधीच कापून टाकावीत. जीन्स नसेल, तर कॅनव्हास किंवा जाड खादी चालेल. अस्तरासाठी मांजरपाट किंवा वापरून मऊ झालेली सुती साडी घ्यावी. नवे सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेणे आवश्यक आहे. ते पहिल्या धुण्यात आटते.

फोमच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात. गादीतला किंवा भांडी घासण्याचा स्पंज घेऊ नये. तो बोटाने दाबताच तळाला टेकतो, म्हणजे धक्क्याच्या वेळी असून नसल्यासारखा असतो. शिवाय तो पाणी शोषून धरतो. घट्ट विणीचा, बंद छिद्रांचा फोम हवा. ६ मि.मी. जाडीची योगाची चटई हा शहरात सहज मिळणारा पर्याय होय. निवडीची कसोटी सोपी आहे : अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर फोमने विरोध करावा आणि अंगठा काढताच पूर्ववत व्हावे. एक तुकडा पाण्यात बुडवून पिळावा. पाणी निघाले, तर तो बाद समजावा.

याशिवाय पॉलिएस्टरचा मजबूत दोरा, यंत्रासाठी १६ किंवा १८ नंबरची सुई आणि २ सें.मी. रुंदीचा वेल्क्रो लागेल. धातूची चेन टाळावी. तिचे दात लॅपटॉपच्या कडांवर रोज ओरखडे काढतात.

फोमचा साचा

फोम यंत्राखाली घालू नये, हे या पद्धतीचे सूत्र आहे. घरगुती यंत्र तेवढी जाडी ओढत नाही आणि शिवण जिथून जाते, तिथे फोम दबून निकामी होतो. म्हणून प्रथम फोमचा वरून उघडा असा चपटा खोका तयार करावा.

एक फलक आडवा ठेवावा. त्याच्या एका लहान कडेने वरून खाली, मग तळाच्या लांब कडेने आणि पुन्हा दुसऱ्या लहान कडेने वर, अशी ८८ सें.मी.ची पट्टी कडेला लागून उभी फिरवावी. कोपऱ्यावर पट्टी कापू नये, वळवावी. अखंड फोम कोपऱ्यातून गेला, तरच कोपऱ्याचे रक्षण होते. वरून दुसरा फलक ठेवावा. गोधडीला घालतात तसे मोठे टाके हाताने घालून तिन्ही कडा जोडाव्यात. दोरा फार आवळू नये, अन्यथा तो फोम कापतो. शेवटी ३६ सें.मी.ची दुसरी पट्टी आत तळाशी बसवावी आणि दोन-चार टाक्यांनी पक्की करावी. या टप्प्यावर लॅपटॉप खोक्यात घालून पाहावा. तो अलगद सरकला पाहिजे आणि फोमची वरची कड लॅपटॉपपेक्षा किंचित उंच राहिली पाहिजे.

यंत्रावरील शिवण

बाहेरच्या कापडाचे दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवावेत. दीड सें.मी. आत, तिन्ही बाजूंनी टीप मारावी. वरची लांब बाजू उघडी ठेवावी. टाका ३ मि.मी.चा असावा. आरंभी आणि शेवटी उलटी टीप द्यावी. अस्तराचीही अशीच पिशवी करावी.

आता तळाचे दोन कोपरे. बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकांवर येतील, असा कोपरा त्रिकोणी चपटा करून त्यावर आडवी टीप मारावी. या टिपेची लांबी अस्तराला २ आणि बाहेरच्या कापडाला ३ सें.मी. ठेवावी. त्यामुळे पिशवीला सपाट तळ मिळतो आणि फोमचा खोका आत नीट बसतो.

झाकणाचे दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन तीन बाजूंनी शिवावेत व उलटावेत. त्यात फोम असा सरकवावा, की मोकळ्या कडेला सुमारे २ सें.मी. पट्टी फोमविना राहील. वेल्क्रोचा एक भाग या पट्टीवर शिवावा, म्हणजे फोममधून सुई जाणार नाही. दुसरा भाग पिशवीच्या पुढच्या बाजूवर कुठे येतो, हे लॅपटॉप घालून पाहावे, खूण करावी आणि फोमचा खोका आत घालण्यापूर्वीच तो शिवून टाकावा.

मग जोडणी. बाहेरची पिशवी सुलट करावी आणि तिच्यात फोमचा खोका बसवावा. अस्तराची पिशवी उलटीच ठेवून खोक्याच्या आत घालावी, म्हणजे तिची गुळगुळीत बाजू लॅपटॉपला लागेल. दोन्ही कापडांच्या वरच्या कडा दीड सें.मी. एकमेकींकडे दुमडाव्यात. मागच्या बाजूला या दोन घड्यांच्या मध्ये झाकणाची उघडी कड खुपसावी. कच्चे टाके घालून सर्व जागेवर आणावे आणि मग तोंडाभोवती टीप मारावी. झाकणापाशी कापडाचे सहा थर होतात. तिथे पायडलचा किंवा मोटरचा वेग न वापरता यंत्राचे चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्यावा. सुई मोडत नाही. या भागावर टीप दुहेरी असावी.

उरलेल्या कापडातून चार्जरसाठी एक लहान स्वतंत्र पिशवी अवश्य शिवावी. गवसणीलाच चार्जरचा खिसा लावण्याचा मोह होतो. पण आरंभी वर्णन केलेला रुतणारा कोपरा मग आपणच लॅपटॉपला कायमचा चिकटवून दिल्यासारखे होईल.

वापरण्यापूर्वी परीक्षा

तयार गवसणीची पहिली परीक्षा लॅपटॉपवर घेऊ नये. साधारण त्याच मापाची आणि वजनाची लाकडी फळी किंवा जाड पुस्तकांचा बांधलेला गठ्ठा आत घालावा. गवसणी १५ सें.मी. उंचीवरून फरशीवर प्रथम सपाट, मग उभी आणि शेवटी प्रत्येक कोपऱ्यावर सोडावी. दबका आवाज आला, तर फोम काम करतो आहे. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, तर त्या जागी फोम सरकला आहे, हे ओळखावे आणि तिथे हाताने दोन टाके घालून तो जागेवर आणावा. झाकण धरून भरलेली गवसणी काही क्षण लोंबकळत ठेवावी. वेल्क्रो सुटता कामा नये आणि शिवण उसवता कामा नये.

जे गवसणी करू शकत नाही

पाऊस हा तिचा आवाका नाही. जीन्स भिजते आणि सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते. पावसाळ्यात गवसणीवर जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. आणि गवसणी भिजल्यास ती पूर्ण वाळेपर्यंत लॅपटॉप आत ठेवू नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जो फोम धक्का अडवतो, तोच उष्णताही अडवतो. लॅपटॉप चालू असताना किंवा चार्ज होत असताना गवसणीत घालू नये. केवळ झाकण मिटल्याने यंत्र बंद झाले असे नसते. काही वेळा ते पिशवीत पुन्हा जागे होऊन तापत राहते, आणि उष्णता लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटवते. म्हणून निघण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करण्याची सवय लावावी. नेहमीच्या गवसणीत लॅपटॉप एकाएकी घट्ट बसू लागला, तर शिवण सैल करण्याआधी बॅटरी फुगली आहे काय, हे तपासून घ्यावे. फुगलेली बॅटरी धोकादायक असते; तसे असल्यास लॅपटॉप वापरणे थांबवून तो दुरुस्तीकेंद्रात न्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क धक्क्याने सहज बिघडे. आजच्या बहुतेक यंत्रांतील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. तरीही पडदा, बिजागरी आणि जोडण्या मोडू शकतात, आणि लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो तो निराळाच. यंत्र पुन्हा विकत घेता येते. त्यातील मुलांची छायाचित्रे, अर्धवट प्रबंध किंवा वर्षाचे हिशेब बाजारात मिळत नाहीत. म्हणून गवसणीची शेवटची टीप मारून झाली, की त्याच संध्याकाळी लॅपटॉपमधील कामाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. गवसणी यंत्राचे रक्षण करील. कामाचे रक्षण ती प्रतच करील.