रोज अर्धा तास चाला — पण कुठे?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला "रोज अर्धा तास चालत जा" असे सांगितले, की हल्ली एक ठरलेला प्रश्न परत येतो. "डॉक्टर, चालू कुठे?" हा प्रश्न टाळाटाळीचा नाही, रास्त आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात बसस्थानकापासून मंडईपर्यंत एकदा पायी जाऊन पाहा. गटारावरची फरशी फुटलेली असते. पुढे विजेचा डी.पी., त्याच्यापुढे दुकानाची पायरी, तिथून पुढे ओळीने लावलेल्या मोटारसायकली, आणि हे सर्व चुकवायचे तर मागून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात उतरावे लागते. मागच्या पावसाळ्यात साठी ओलांडलेल्या एक बाई माझ्या सांगण्यावरून सकाळी फिरू लागल्या आणि पंधराव्या दिवशी उघड्या चेंबरच्या कडेला पाय अडकून खुब्याचे हाड मोडून घेतले. साखर उतरावी म्हणून घराबाहेर पडलेली ही बाई तीन महिने अंथरुणावर होती आणि साखर पूर्वीपेक्षा वर गेली.

म्हणून या आठवड्यात गोळ्यांविषयी न लिहिता रस्त्याविषयी, आणि रस्ता ज्या कचेरीत ठरतो त्या नगरपालिकेविषयी लिहितो.

आधी चालण्याने नेमके काय होते ते पाहू. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते आणि इन्शुलिन तिला स्नायूंच्या आत नेते. मधुमेहात हेच काम बिघडलेले असते. परंतु स्नायू काम करू लागला की तो इन्शुलिनची फारशी वाट न पाहता स्वतःच साखर ओढून घेतो. जणू घराला मागचे दार असावे आणि ते फक्त हालचालीनेच उघडावे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली वाढलेली साखर खाली आणते ती यामुळेच. आपल्या आजीला हे पुस्तक न वाचता ठाऊक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेही लोकांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. एवढ्या लोकांना पुरे पडणारे दुसरे स्वस्त औषध माझ्या पाहण्यात नाही.

हृदयाच्या बाबतीत एक जुने संशोधन मला फार आवडते. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. पगार, वस्ती, खाणे जवळजवळ सारखेच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करत. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांमध्ये बरेच कमी निघाले. शंका घेणाऱ्यांनी विचारले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापे मिळवून तेही तपासले. ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या होत्या, पण बारीक ड्रायव्हरांनाही हा आजार कंडक्टरांपेक्षा जास्तच होता.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की तो कंडक्टर व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. त्याचा व्यायाम त्याच्या पोटापाण्याच्या कामात मुरलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. मंडई घरापासून एक किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन पंचवीस मिनिटे होतात. आठवड्यातून सहा वेळा पायी भाजी आणली की १५० मिनिटे भरली, त्यासाठी वेगळा बूट नको की पहाटेचा गजर नको. निव्वळ व्यायाम म्हणून एक जानेवारीला सुरू केलेले फिरणे संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत टिकते, असा माझा अनुभव आहे. कामाचे चालणे मात्र टिकते. (चालताना छातीत दाटणे, जबडा किंवा डावा हात दुखणे असे होत असेल तर आधी तपासणी करा. मधुमेहींनी पायाला जखम नाही हे रोज पाहावे आणि अनवाणी फिरू नये.)

पण कामाचे चालणे रहदारीच्या रस्त्यावर असते, बागेत नव्हे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेची शक्ती चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीची धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, ६० ने येणारीच्या धडकेत मृत्यूचा धोका कितीतरी अधिक असतो. तेव्हा शाळेसमोरचा गतिरोधक किंवा चौकातला उंचवटा ही वाहनचालकाला छळणारी वस्तू नसून ती लसीसारखी आहे, असे मी मानतो. (अर्थात, कंबर मोडणारे आणि पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक कोणी घालू नयेत. तसलेही रुग्ण माझ्याकडे येतात.)

पदपथ कसा असावा हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, आणि काठाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, असे आहे. १५० मिलिमीटर म्हणजे जिन्याची एक नेहमीची पायरी. आपल्याकडे दीड-दोन फूट उंच पदपथ बांधतात आणि मग "लोक त्यावर चालतच नाहीत" अशी तक्रार करतात. गुडघे दुखणारी बाई दर दुकानाला दोन फूट चढणार आणि दोन फूट उतरणार कशी? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे.

हे सारे ठरते कुठे? महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिका शहराची विकास योजना करते. लोक तिला डी.पी. म्हणतात (मघाचा विजेचा डी.पी. वेगळा). शाळा, मैदान, दवाखाना, बाजार, रस्ते कुठे आणि किती रुंद हे त्यात असते. कलम २६ नुसार प्रारूप योजना जाहीर करून नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यांचा विचार कलम २८ खालील नियोजन समिती करते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात, आणि हरकत घेणाऱ्याला तिच्यापुढे म्हणणे मांडता येते. पुण्यात २०१३ साली जुन्या हद्दीच्या प्रारूप योजनेवर ऐंशी हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या. लहान गावांत मात्र ज्याच्या प्लॉटवर आरक्षण पडले तोच काय तो धावत जातो. "या रस्त्याने माझी मुलगी शाळेत चालत जाते, तिच्यासाठी जागा कुठे आहे?" असे विचारणारा अर्ज क्वचितच दिसतो.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. विकास योजनेच्या नकाशात रस्त्याची एकूण रुंदी दिसते, १२ मीटर, १८ मीटर अशी. त्या १२ मीटरांत पदपथ किती, सायकलला किती, गाड्यांना किती हे तिथे बहुधा दिसत नाही. ते ठरते प्रत्यक्ष कामाच्या आराखड्यात, ज्याला इंजिनिअर मंडळी 'आडवा छेद' म्हणतात. म्हणजे नकाशा मंजूर झाला आणि तुम्ही निर्धास्त झालात, तरी टेंडर निघताना पदपथ नाहीसा होऊ शकतो. म्हणून रस्त्याचे काम निघाले की बांधकाम विभागात जाऊन आडवा छेद पाहायला मागा. न दाखवल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

अंदाजपत्रकाचेही तसेच. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. लहान गावात अशी व्यवस्था नसली तरी आपल्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या सभेआधी लेखी पत्र देता येते. २०२१-२२ पासून कितीतरी नगरपालिका प्रशासकांच्या हाती होत्या आणि सभागृहात प्रश्न विचारायलाच कोणी नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता विचारणारे आहेत, तर त्यांना प्रश्न आपण पुरवले पाहिजेत.

सायकलबद्दल पुण्याचाच अनुभव शिकण्यासारखा आहे. एके काळचे हे सायकलींचे शहर. तिथे बी.आर.टी.बरोबर सायकल मार्ग बांधले गेले, पण ते तुकड्यातुकड्यांत. मध्येच झाड, मध्येच बसथांबा, आणि मोकळा भाग मोटारसायकलींनी बळकावलेला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. माझे मत असे, की सायकल आधी आणि वाट नंतर हा क्रमच उलटा. घर ते शाळा एवढाच एक रस्ता सलग सुरक्षित केला तर मुले सायकली काढतील. त्यांना कोणी सायकल फुकट द्यावी लागणार नाही.

आता कार्यक्रमांकडे येतो. वॉकेथॉन, सायकल रॅली, मॅरेथॉन यांना नगरपालिका परवानगी देते, फलक लागतात, टोप्या वाटल्या जातात. मला त्यांचे वावडे नाही, पण धावायला येतात ते बहुधा आधीच धावणारे. याहून उपयोगी प्रयोग पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी झाला. पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून तो लोकांना चालायला दिला. असा दिवस ही रंगीत तालीम असते, पण तालमीनंतर कोणी तरी वहीत काही लिहिले पाहिजे. किती म्हातारी माणसे आली, दुकानांचा धंदा घटला की वाढला, मालाचा टेम्पो किती वाजता सोडावा लागला. व्यापाऱ्यांची भीती खोटी नसते, तिचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. आणि पदपथ मोकळा करायचा म्हणजे भाजीवाल्या बायकांना हाकलायचे, असे कृपा करून समजू नका. त्यांच्यासाठीच तर आपण चालत जायचे आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याची त्यात सोय आहे.

गणेशोत्सवातल्या मांडवांबद्दल डॉक्टर म्हणून एकच मागणी. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट नकाशावर आखल्याशिवाय परवानगी देऊ नये. हृदयविकाराच्या झटक्यात मिनिटे मोजायची असतात, आणि पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मांडव काढल्यावर खड्डे बुजवले की नाहीत, हेही त्याच फाइलमध्ये लिहिलेले असावे.

अर्ज कसा लिहावा असे अनेकजण विचारतात. "रस्ते चांगले करा" असे लिहू नका. त्याला "नोंद घेतली" एवढेच उत्तर मिळते. मोजपट्टी घेऊन जा. "अमुक शाळेपासून अमुक चौकापर्यंत डाव्या बाजूला चालण्याची मोकळी जागा ०.६ मीटर आहे, ती १.८ मीटर करावी, काठ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, शाळेसमोर रस्ता ओलांडण्यासाठी उंचवटा द्यावा" असे लिहा. शाळेच्या मुख्याध्यापकांची आणि दोन-चार ज्येष्ठांची सही घ्या. सूचना असेल तर 'सूचना' म्हणा, विरोध असेल तर 'हरकत' म्हणा, आणि नोटिशीत दिलेली मुदत चुकवू नका. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सुनावणीचे पत्र अर्जावरच्या पत्त्यावर येते, तेव्हा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहा. आणि सुनावणीला चालत जा, वाटेत जे आडवे येईल तेही समितीला सांगता येईल.