रमण राघव : दप्तरातला आणि पडद्यावरचा

मुंबई महापालिकेची हद्द दहिसरच्या नाक्याशी संपते आणि तिथून पुढे ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरची वस्ती लागते. १९६८ साली, ज्या दिवसांत मुंबईच्या उत्तर उपनगरांतील झोपड्यांत निजलेल्या माणसांची डोकी रात्री-अपरात्री ठेचली जात होती त्या दिवसांत, या नाक्यापलीकडे गावे, भातशेती आणि मिठागरे यांवाचून फारसे काही नव्हते. त्याच भूमीवर २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसे मोजली गेली, आणि त्यांतील पुष्कळांची रोजी आज मीरा रोड-काशिमिरा भागात उभ्या राहणाऱ्या सेटांवर अवलंबून आहे. कोणी लाइटमन, कोणी स्पॉटबॉय, कोणी ज्युनिअर आर्टिस्ट, आणि खोलीचे भाडे चौघांत वाटून घेणारे कित्येक होतकरू लेखक व दिग्दर्शक. या होतकरूंच्या पिशवीतील पहिल्या पटकथेत एखादा सीरियल किलर हटकून असतो, आणि त्याचे कारण विकृतीत नव्हे तर जमाखर्चात शोधावे लागते. नट थोडे, गाणी नाहीत, रात्रीचे रस्ते फुकटात मिळणारे, आणि भय निर्माण करण्यास लागणारे भांडवल मुख्यत्वे बुद्धीचे.

या जातीच्या चित्रपटाला आपल्याकडे ज्या माणसाने वारंवार विषय पुरवला, तो रमण राघव. १९६५-६६ च्या सुमारास त्या काळी जीआयपी या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत, आणि पुढे १९६८ मध्ये उपनगरांत, त्याने पदपथावरील व झोपड्यांतील गोरगरिबांना झोपेत ठार केले. क्राइम ब्रँचचे तत्कालीन उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी भागात सब-इन्स्पेक्टर अलेक्स फियाल्हो यांनी जवळच्या छायाचित्रावरून त्याला रस्त्यात ओळखले. पंचांसमक्ष झडती झाली तेव्हा त्याच्यापाशी निघाला तो मुद्देमाल असा : एक चष्मा, दोन फण्या, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडेमोड केलेले कागदाचे दोन कपटे. ज्याच्या नावाने अवघे शहर दारे लावून उकाड्यात घुसमटत होते, त्याचा संसार हा एवढा! कोठडीत तो काही केल्या बोलेना. शेवटी काय पाहिजे म्हणून विचारता त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते पुरवल्यावर केसांना तेल, फणी व आरसा मागितला, आणि नीटनेटका भांग पाडून मगच तो कबुलीजबाबाकडे वळला. त्याने कबूल केलेल्या खुनांची संख्या चाळिसाच्या वर जाते.

खरे विलक्षण आहे ते पुढे न्यायालयात घडले. भारतीय दंड विधानाचे कलम ८४ असे सांगत होते की, बुद्धिभ्रंशामुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे ही गोष्ट, समजण्याचे सामर्थ्य नाही, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. (आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.) सरकारपक्षाच्या बाजूने पोलीस सर्जनने त्याला शहाणा ठरविले, बचावाच्या मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाचे निदान केले, आणि सेशन्स न्यायालयाने देहान्ताची शिक्षा फर्मावली, आरोपीने अपील करण्याचेच नाकारले. उच्च न्यायालयाने मात्र शिक्षा कायम करण्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. जगे दोन आहेत, एक 'कानून'चे आणि दुसरे हे आपण राहतो ते; आपण पहिल्याचे प्रतिनिधी असून दुसऱ्यातील लोक आपले पुरुषत्व पालटू पाहत आहेत, आणि आपण मात्र एकशे एक टक्के पुरुष आहोत, अशी त्याची श्रद्धा मंडळापुढे आली. असाध्य मनोविकार ठरून फाशीऐवजी जन्मठेप झाली, आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला.

तो येरवड्याच्या तुरुंगात जिवंत असतानाच, १९९१ साली, श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादव यांना घेऊन त्याच्यावर सुमारे सव्वा तासाचा चित्रपट केला. तो चित्रपटगृहांत लागलाच नाही. जाणत्यांच्या वर्तुळात हातोहात फिरत राहिला. माहितीपट आणि नाट्य यांच्या सीमेवर उभी असलेली ही कृती खुन्याच्या मनाचा उलगडा करण्याचा आव आणत नाही. रघुवीर यादवांचा रमण किरकोळ अंगाचा, गर्दीत सहज विरून जाणारा आहे, आणि तो जे बोलतो त्यामागे तत्त्वज्ञान शोधू जाणारा प्रेक्षक रिक्त हस्ते परततो.

अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' (२०१६) याच मुळातून निघाला, पण उलट दिशेस गेला. साठीच्या दशकातील मुंबई उभी करण्याचा मूळ मनसुबा होता. कश्यपांच्याच 'बॉम्बे वेलवेट' या चित्रपटाच्या अपयशानंतर तेवढा पैसा मिळणे दुरापास्त झाले, म्हणून कथा आजच्या काळात आणली गेली, आणि थोड्या खर्चात, थोड्या दिवसांत झालेला हा चित्रपट कान महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात पोहोचला. इथे एकाच नावाचे दोन तुकडे केले आहेत : रमण्णा हा खुनी (नवाजुद्दीन सिद्दिकी) आणि राघवन हा व्यसनाधीन पोलीस अधिकारी (विकी कौशल). आपण दोघे परस्परांचे अर्धे अंग आहोत असे खुन्याला वाटते. पुष्कळशी हिंसा चौकटीबाहेर ठेवून ऐकू तेवढी येऊ देण्याचा संयम दिग्दर्शकाने पाळला आहे. खुन्याच्या बहिणीच्या घरातील प्रदीर्घ प्रसंगात अमृता सुभाष यांच्या चेहऱ्यावर भय ज्या क्रमाने चढत जाते, तो अभिनय कोणत्याही रक्तपातापेक्षा अंगावर येतो.

तरीही माझा कौल १९९१ च्या बाजूने आहे. कश्यपांच्या खुन्याला युक्तिवाद आहे, वर्दीआड मारणारा आणि उघड मारणारा यांत फरक काय, असे तो विचारतो, आणि प्रश्न चोख असल्याने आपल्याला एक प्रकारचा दिलासाच मिळतो. माणसे मेली ती निदान काही कल्पनेपायी मेली असे वाटू लागते. दप्तरातल्या रमणने भांडी, छत्री, तूप असल्या वस्तू उचलल्या. त्यांच्यासाठी खून झाले म्हणावे तर बुद्धीला पटत नाही, आणि नाही म्हणावे तर दुसरे कारण हाती लागत नाही. मीरा रोडच्या ज्या खोलीत अशी पटकथा लिहिली जात असेल, तिथल्या लेखकाने दोन्ही चित्रपट पाहावेत, पण जुना आधी पाहावा. आणि पहिल्याच पानावर खुन्याच्या बालपणाचा फ्लॅशबॅक लिहिला असल्यास तो तूर्त तहकूब ठेवावा.