पाणी गेलं, पण कळा नाहीत!

गेल्या चैत्रातली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. दारावर थाप पडली म्हणून दचकून उठले, तर समोर शेजारच्या वहिनी. पदर खोचलेला, चेहरा उतरलेला. "ताई, जरा येता का? पोरीचं पाणी गेलंय, पण पोटात काहीच दुखत नाही म्हणते."

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दिवस पूर्ण भरलेले. मी गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून होती. खाली लादीवर पाणी, हातात ओला गाऊन आणि डोळ्यांत भीती. घरात मात्र दोन तट पडले होते. वहिनींना लगेच निघायचं होतं आणि आजी त्यांना अडवत होत्या. "कळा नाहीत तर दवाखान्यात जाऊन काय करायचं? आमच्या टायमाला कळा सुरू झाल्यावरच सुईणीला बोलवायचे. आत्ता गेलं की ते सलाईन लावतील अन् पोट फाडतील. सकाळपर्यंत दम धरा. वाटलं तर चमचाभर एरंडेल द्या."

आजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं तेच त्या सांगत होत्या. पण त्या रात्री मी आजींचं ऐकलं नाही, आणि त्याचं कारण माझ्याच घरात आहे.

२००३ साली माझ्या पहिल्या वेळी असंच झालं होतं. सकाळी भाकरी थापता थापता पाणी गेलं. पोटात कळ नाही, पाठीत दुखणं नाही. उगाच गाजावाजा कशाला, उलट पाठवलं तर लोक हसतील, या लाजेपायी मी कपडे बदलले आणि दिवसभर घरातच राहिले. संध्याकाळी अंगात ताप भरला, पाण्याला वास येऊ लागला. मग सगळ्यांची धावपळ. लेक जन्मला, पण संसर्गामुळे आठ दिवस काचेच्या पेटीत होता. मी बाहेरच्या बाकावर बसून काचेतून त्याच्या इवल्या पायाला टोचलेली सुई बघायची. आज तो माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, पण ते आठ दिवस मी विसरलेले नाही. दोष द्यायचा तर मी माझ्या लाजेला आणि अज्ञानाला देते.

म्हणूनच मैत्रिणींनो, आज या विषयावर मोकळेपणाने बोलायचं आहे. डोहाळजेवणाला आपण हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा सगळं ठरवतो. पण "पाणी गेलं आणि कळा आल्या नाहीत तर काय करायचं" हे त्या मुलीला कुणीच सांगत नाही.

आधी हे समजून घेऊ. बाळ पोटात ज्या पाण्याच्या पिशवीत असतं तिला आपण पाणमोट म्हणतो. बहुतेकींच्या कळा आधी सुरू होतात आणि पाणमोट नंतर फुटते. पण पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी साधारण आठ ते दहा जणींची पाणमोट कळांच्या आधीच फुटते. म्हणजे हे काही जगावेगळं नाही आणि तुम्ही काही जड उचललंत म्हणूनच झालं, असंही नाही. यातल्या सुमारे ६० टक्के बायकांना पुढच्या चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात.

"मग आजींचं बरोबरच की! थांबायला काय हरकत आहे?" असं तुम्हाला वाटेल. हरकत आहे ती घरी थांबायला. पाणमोट म्हणजे बाळाभोवतीची भिंत. ती फुटली की बाहेरचे जंतू आत शिरायला वाट मिळते. जितका वेळ जास्त, तितका संसर्गाचा धोका जास्त, आईलाही आणि बाळालाही. शिवाय बाळाचं डोकं अजून नीट खाली बसलेलं नसेल तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर मिनिटांचा प्रश्न असतो. थांबायचं की कळा आणायच्या, हे तपासणीनंतर ठरतं. तपासणी न करता नुसतं थांबणं म्हणजे अंधारात बसणं.

तर त्या रात्री आम्ही निघालो. मी वहिनींना एवढंच सांगितलं, "पाणी किती वाजता गेलं ते कागदावर लिहा आणि पॅडवरचा रंग बघा." दोन वाजता, पाणी स्वच्छ. तिथे डॉक्टरांनी पहिले प्रश्न हेच विचारले! बाळाचे ठोके ऐकले, पोट तपासलं, आईचा ताप बघितला. सगळं ठीक होतं. बाळ डोक्याकडून होतं, पण गर्भपिशवीचं तोंड उघडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "सकाळपर्यंत इथेच देखरेखीखाली थांबू. आपोआप कळा आल्या तर उत्तम. नाहीतर औषधाने आणाव्या लागतील."

हे ऐकून पोरगी रडायलाच लागली. "काकू, माझ्यातच काहीतरी कमी आहे का हो? सगळ्यांना कळा येतात, मलाच का नाही?"

मैत्रिणींनो, या वाक्याने मला चर्रर्र झालं. कळा आपोआप येणं ही काही परीक्षा नाही आणि औषध घेणं म्हणजे नापास होणं नाही. तिच्या पाठीवर हात फिरवत मी हेच तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

आता आजींची मोठी भीती. कळांचं सलाईन लावलं की सिझर ठरलेलंच! ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून एक मोठा अभ्यास सांगते. कॅनडातल्या डॉक्टर मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९६ साली प्रसिद्ध केला. सहा देशांतल्या ७२ रुग्णालयांतल्या ५,०४१ बायका त्यात होत्या. सगळ्यांचे दिवस भरलेले, पाणी गेलेलं आणि कळा नाहीत. काहींना लगेच औषधाने कळा आणल्या, काहींना वाट बघू दिली. सिझरचं प्रमाण सगळ्या गटांत जवळपास सारखंच निघालं, शंभरात दहा-अकरा. बाळांच्या संसर्गातही मोठा फरक नव्हता. फरक पडला तो आईच्या संसर्गात. सलाईनमधून लगेच कळा आणलेल्यांमध्ये तो शंभरात ४ होता, वाट बघणाऱ्यांमध्ये साडेआठच्या पुढे. पूर्ण दिवस भरल्यावर पाणी गेलं आणि कळा नसतील तर कळा आणाव्यात, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. सलाईन लावलेल्या काही जणींचं सिझर होतं हे खरं, पण सलाईनमुळेच ते झालं असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही.

सकाळी नऊपर्यंत कळा आल्या नाहीत. मग डॉक्टरांनी गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हावं म्हणून छोट्या गोळ्या सुरू केल्या, ठरावीक तासांच्या अंतराने. काही ठिकाणी यासाठी आतून जेल लावतात. तोंड मऊ झालं की सलाईनमधून ऑक्सिटोसिन देतात. हे नाव ऐकताच आजी ताडकन म्हणाल्या, "अगं बाई, हे तर म्हशीला पान्हा सोडायला देतात ते विंजक्शन!"

नाव तेच आहे, आजींची माहिती खोटी नव्हती. पण ऑक्सिटोसिन आपल्या प्रत्येकीच्या शरीरात तयार होतं. गर्भपिशवी आकुंचन पावते ती त्याने, आणि बाळ छातीशी धरलं की पान्हा फुटतो तोही त्यानेच. व्हिन्सेंट द्यु विन्यो या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाळंत झाल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून मांडीत देतात ते इंजेक्शनही हेच. जनावरांवर त्याचा गैरवापर होतो म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ते बनवायला बंदी केली होती. पण बाळंतिणींना औषध कमी पडेल, या चिंतेने प्रकरण न्यायालयात गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती बंदी रद्द केली. इतकं हे औषध बायकांच्या जिवाशी जोडलेलं आहे.

मात्र औषध जितकं गुणकारी तितकंच जपून वापरायचं. सलाईनमधून थेंब मोजून, हळूहळू वाढवत आणि बाळाचे ठोके सतत बघत ते द्यावं लागतं. कळा फार जवळ जवळ आल्या तर थेंब कमी करतात किंवा थांबवतात. म्हणूनच घरी कुणाला बोलावून "कळांचं इंजेक्शन" टोचून घेणं हा जिवाशी खेळ आहे. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. एरंडेलही नको. जुलाब होऊन बाई आधीच थकून जाते.

आणखी एक गैरसमज, "पाणी संपलं की बाळ कोरडं पडतं." बाळ पोटात लघवी करतं आणि त्यातूनच पाणी पुन्हा पुन्हा तयार होत राहतं. चिंता करायची ती पाण्याच्या रंगाची, वासाची आणि गेलेल्या तासांची.

दुपारपासून पोरीला कळा सुरू झाल्या. संध्याकाळी सलाईन लागलं तशा त्या जोरात आल्या. खोटं कशाला सांगू, सलाईनच्या कळा कडक वाटतात. पण वहिनी तिच्याजवळ होत्या. कमर चोळत होत्या, पाणी पाजत होत्या. सरकारी दवाखान्यातही बाळंतिणीजवळ घरची एक बाई असावी, अशा केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत. हे आपल्याला माहीत नसतं म्हणून आपण विचारत नाही.

पैशांचंही तसंच. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. आपल्या घाटीत फक्त शहरातल्या नाही, तर जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडच्या अडलेल्या बायकाही येतात. सोयगाव किंवा कन्नडच्या टोकाच्या गावाहून इथे यायला दोन-दोन तास जातात. त्यात "सकाळी बघू" म्हणत आणखी सहा तास घालवले तर हिशेब कुठे जातो, तुम्हीच बघा. गावातल्या आशाताईंचा नंबर आणि १०८, १०२ हे आकडे नववा लागताच भिंतीवर लिहून ठेवा.

आता ही माहिती कात्रण करून ठेवा:

पाणी गेल्याची वेळ लिहा. धो-धो न जाता थेंब थेंब गळत असेल आणि लघवीसारखं रोखता येत नसेल, तरी ते पाणी असू शकतं, दाखवा.

स्वच्छ पॅड लावा. आत कापड किंवा कापूस घालू नका, घरी कुणाकडून आतून तपासून घेऊ नका.

पाणी हिरवट, तपकिरी किंवा वास येणारं असेल, लाल रक्त जात असेल, ताप आला, बाळ कमी हलत असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल किंवा दिवस भरलेले नसतील, तर एक मिनिटही थांबू नका.

अंगाबाहेर नाळ आल्यासारखं वाटलं तर कमरेखाली उशा घेऊन आडवं व्हा आणि तशाच गाडीत निघा.

आधीचं सिझर असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, कारण त्यावरून औषध बदलतं.

आणि विचारा. "कळा आणायला काय देणार? किती वेळ वाट बघणार? बाळाचे ठोके किती वेळाने बघणार?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. हळू आवाजात, पण विचारा.

रात्री साडेबाराला पोरगी बाळंत झाली. साधं बाळंतपण, टाके थोडे. मुलगी! पाणी जाऊन बावीस तासांवर झाले होते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी बाळाला दोन दिवस नजरेखाली ठेवलं. वेळ कागदावर लिहिलेली होती म्हणून कुणाला अंदाज करावा लागला नाही. काचेच्या पेटीची गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर आजी पणतीला मांडीवर घेऊन बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "मुलगी झाली म्हणून बर्फी नाही हं, पेढेच आणायला सांगितलेत." मग थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "ताई, आमच्या धाकट्या नातीलाही आठवा लागलाय. तिला ते टायम लिहायचं सांगून ठेवा बरं."

मी सांगितलंय. तुमच्या ओळखीत कुणाला सातवा-आठवा चालू असेल, तर तुम्हीही आजच सांगा.