मोटारीतले गाणे : स्पीकर, दार आणि कान

समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटर लांबीच्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. त्यापूर्वीही मुंबई, पुणे, नाशिक अशा ठिकाणांहून कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीने शिर्डीला जात होतीच. अशा प्रवासात गाणी आणि आरत्या लावणे हे आता नेहमीचेच झाले आहे. गावातल्या रस्त्यावर त्या बऱ्या ऐकू येतात. गाडीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेतला, की मृदंग जवळजवळ नाहीसा होतो आणि शब्द अस्पष्ट होतात. म्हणून आवाज वाढवावा, तर झांज कानात टोचू लागते. मग कोणीतरी सुचवते, ‘कंपनीचे स्पीकर काढा, कॉम्पोनंट स्पीकर बसवा.’

कॉम्पोनंट स्पीकर म्हणजे काय? त्यांनी नेमका कोणता फरक पडतो? आणि पैसे खर्च करण्यापूर्वी काय तपासावे? ध्वनीच्या पाठात आपण शिकवतो तेवढ्या ज्ञानावर या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

एकाच शंकूवर सगळा भार

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ५० हर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर येते आणि १०,००० हर्ट्झची केवळ ३.४ सेंटिमीटर. मृदंगाचा घुमारा पहिल्या टोकाजवळचा, तर झांजेचा किणकिणाट दुसऱ्या टोकाकडचा. गाणाऱ्याचा गळा या दोहोंच्या मध्ये.

खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. वरच्या स्वरांसाठी सेकंदाला हजारो वेळा थरथरावे लागते, म्हणून तो हलका हवा. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. शिवाय तिसरी एक अडचण आहे. तरंगलांबी शंकूच्या व्यासापेक्षा लहान झाली, की ध्वनी चहूकडे न पसरता विजेरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो. मोटारीच्या दारातल्या स्पीकरचा हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. ३४० ला ०.१३ ने भागले, की २,६०० हर्ट्झ हे उत्तर येते. याच्या वरचे स्वर त्या स्पीकरच्या समोर एकवटतात, आणि समोर असतात बसणाऱ्याच्या पोटऱ्या! शब्दांना स्पष्टता देणारी ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने नेमकी याच वरच्या पट्ट्यात येतात. ती कानापर्यंत पुरेशी पोचत नाहीत.

कामाची वाटणी

यावर उपाय म्हणजे दोन स्पीकर. मोठा वूफर दारात खाली राहतो. अडीच सेंटिमीटर व्यासाचा छोटा ट्वीटर वर, कानाच्या पातळीजवळ बसवतात. त्याच्या व्यासाने हाच भागाकार केला, तर १३,६०० हर्ट्झ येतात; म्हणजे तेथपर्यंत तो ध्वनी चांगला पसरवतो. दोन्ही एकाच चौकटीत, एकापुढे एक बसवले तर तो कोअॅक्सियल प्रकार. दोन्ही वेगवेगळे ठेवून ट्वीटरची जागा निवडण्याची मोकळीक दिली, तर तो कॉम्पोनंट संच.

कोणता स्वर कोणाकडे जावा, हे क्रॉसओव्हर ठरवतो. त्याच्या साध्यात साध्या रूपात एक वेटोळे आणि एक कंडेन्सर असतो. वेटोळ्याचा विरोध वारंवारतेबरोबर वाढतो, म्हणून ते वूफरच्या वाटेवर ठेवतात. कंडेन्सरचे उलट असते, म्हणून तो ट्वीटरच्या वाटेवर. ४ ओहमचा स्पीकर ४,००० हर्ट्झवर विभागायचा असेल, तर सूत्राप्रमाणे सुमारे १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ०.१६ मिलिहेन्रीचे वेटोळे लागते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग : सेलवर चालणारा एखादा जुना ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक सोडवून मध्ये १० मायक्रोफॅरडचा, धन-ऋण टोके नसलेला कंडेन्सर जोडा. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर सुमारे २,००० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाक्रमाने क्षीण होतील. निवेदकाचा भरदार आवाज पातळ होतो, पण ‘स’ आणि ‘श’ तसेच राहतात. ट्वीटरच्या वाट्याला काय येते, ते मुलांना प्रत्यक्ष ऐकता येते.

दुसरा प्रयोग : तोच स्पीकर कंडेन्सर काढून, खोक्याबाहेर मोकळा धरा. आवाज पोकळ वाटेल. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला शंकूएवढे भोक पाडून त्यामागे स्पीकर घट्ट दाबून धरा. आवाज एकदम भरतो. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असल्याने मागची लहर वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. पुठ्ठा तिची वाट अडवतो.

मोटारीचे दार हाच येथला पुठ्ठा. पण दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि पत्रा स्वतःही थरथरतो. म्हणून महागडा वूफर तशा दारात बसवला, तर मृदंग पुन्हा हरवलेलाच! स्पीकरभोवती फोमची कडी लावणे, भोके बंद करणे आणि पत्र्यावर कंप शोषणारा जड थर चिकटवणे ही कामे आधी करावीत. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात, ती मात्र बुजवू नयेत. ट्वीटर काचेशेजारच्या खांबावर लावायचा असेल, तर तेथे एअरबॅग नाही ना, हे आधी पाहावे.

खोक्यावरचे वॅट

इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट विद्युतदाब असतो. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला यापेक्षा अधिक दाब मिळू शकत नाही. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२. अशा संचाच्या खोक्यावर ‘५० वॅट’ असे लिहिलेले असते, त्यामागचे गणित हे असे! पण स्वच्छ ज्यावक्री लहरीची सरासरी शक्ती याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅट येते. त्यातून होणारी घट वजा केली, तर २० वॅटच्या आसपास उरतात.

त्यापुढे आवाज वाढवला, की लहरींचे माथे कापले जातात. यालाच आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो. कापलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि ते सगळे ट्वीटरच्या वाट्याला जातात. त्याची बारीक तार तापून जळू शकते. म्हणून वॅटपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. शक्ती दुप्पट केल्याने ३ डेसिबलच वाढतात. तेव्हा ८९ ऐवजी ९२ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेणे म्हणजे २० वॅटमध्ये ४० वॅटचे काम करून घेणे होय.

कानांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली व्यक्तिगत श्रवणसाधनांसाठी मर्यादा सुचवल्या : प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. पातळी ३ डेसिबलने वाढली की काळ निम्मा होतो. साधन मोटारीतले असले तरी कान तोच, म्हणून हा हिशेब येथेही लावता येतो. नागपूर ते शिर्डी जाऊन-येऊन दहा तास धरले, तर प्रौढांची मर्यादा ८६ डेसिबल येते आणि मुलांची ८१.

आता महामार्गावर काचा बंद असतानाही गाडीच्या आत साधारण ७० डेसिबल गोंगाट असतो. शब्द नीट कळायला गाणे त्याहून दहाएक डेसिबल वर लागते, म्हणजे ८०. मागच्या आसनावरचे मूल मर्यादेच्या काठावर आलेच. तेथून आवाज आणखी थोडा वाढवला, की काठ ओलांडला जातो. पण दाराचा कंप शोषून आणि वेग आवरता घेऊन गोंगाट ३ डेसिबलने जरी कमी झाला, तरी गाणेही तेवढेच खाली आणता येते आणि कानांची मुदत दुप्पट होते. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू येतो.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी दार, मग चांगल्या संवेदनशीलतेचा स्पीकर संच आणि गरज उरलीच तर शेवटी वेगळा अॅम्प्लिफायर. त्याची तार बॅटरीपासून घेताना बॅटरीजवळच फ्यूज बसवलाच पाहिजे. काम झाल्यावर परीक्षा सोपी आहे. पूर्वी ज्या आकड्यावर गाणे ऐकत होतो, त्याहून खालच्या आकड्यावर महामार्गावरही प्रत्येक शब्द कळला, तर पैसे सत्कारणी लागले असे समजावे.